गोठ्याची तार आणि लंडनचा भाव

आमच्या पडीक तुकड्यात मी खांब रोवून तारा ओढल्या आणि लंडनच्या बाजाराचा भाव आता इथं उतरणार असं वडिलांना सांगितलं, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "टोमॅटोचा का?"

टोमॅटोचा नाही म्हटलं. तांब्याचा, जस्ताचा, चांदीचा. मग त्यांचा रस गेला. पिंपरी पेंढारमध्ये ज्या भावात टोमॅटो नाही त्या भावाला कोण विचारतो? ते ठिबकचा कॉक फिरवायला उठले. जाता जाता एवढंच विचारलं, की तांब्याचा भाव लवकर कळला तर जळलेली मोटर भरायची तार स्वस्त होईल का. नाही होणार म्हटलं. "मग कशाला एवढी पळापळ," असं काहीतरी पुटपुटत ते बांधावरून निघून गेले.

त्यांना मी आप्पा म्हणते. सगळी वस्तीच म्हणते.

पळापळीचं कारण सांगायला सोपं आहे, पटवायला अवघड. लंडनहून मुंबईला भाव येतो तो समुद्राखालच्या केबलमधून, देशोदेशींची वळणं घेत. जुन्या शॉर्टवेव्ह रेडिओची लहर मात्र वर जाते, आभाळाच्या वरच्या थरावर आपटते आणि खाली येते. तिचा रस्ता जवळचा, म्हणून ती केबलच्या आधी पोचते. किती आधी, तर पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्यातला एखादा कपटा. तेवढ्या कपट्यात मुंबईतले संगणक खरेदी-विक्री उरकून मोकळे होतात. ज्याला आधी कळलं त्याचा फायदा, हे आमच्या बाजारातल्या कुठल्याही आडत्याला कळेल. फक्त या लहरीवर फार सामान लादता येत नाही. भाव चढला, उतरला, किती, एवढाच चिमूटभर निरोप. आणि त्यात जरा खरखर मिसळली की निरोप मातीत.

म्हणून मुंबईच्या कंपनीला शांत जागा हवी होती. आमच्या भागात आभाळाकडं तोंड करून बसलेल्या मोठमोठ्या तबकड्या आहेत. आमच्या शाळेची सहल दर वर्षी तिथंच जायची आणि मला रेडिओचं वेड लागलं तेही तिथंच. त्या तबकड्यांना ताऱ्यांचा आवाज ऐकू यावा म्हणून आमच्याकडे रेडिओचा गोंगाट कमी ठेवतात. जिथं तारे ऐकू येतात तिथं लंडन ऐकू येणार नाही का, असा कंपनीचा सरळ विचार. आम्ही पाठवायचं काहीच नव्हतं, फक्त ऐकायचं होतं. परवान्यांचं काम त्यांच्या वकिलांनी पाहिलं. मी पुण्यात बरीच वर्षं रेडिओच्या यंत्रांवर काम केलेलं, जागा आमचीच, तेव्हा हे ऐकण्याचं काम माझ्याकडं आलं.

खरं सांगायचं तर मी ते मागून घेतलं. आई गेल्यापासून आप्पा एकटे होते. पुण्याला एकदा आणलं होतं त्यांना. चौथ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि विचारायचे, पाऊस पडतोय तो कुणाच्या रानात? आठवड्यानं म्हणाले, मला एसटीत बसवून दे. त्यानंतर मी फोन केला की एकच उत्तर: तू तुझं काम बघ, माझं काय. ते वाक्य ऐकून मी फोन ठेवायचे आणि माझं कामात लक्ष लागायचं नाही. जागा पास झाली तर कंपनी इथं कायमचं केंद्र करणार होती आणि ते मी चालवणार होते. नापास झाली तर तारा गुंडाळून कोकणात दुसरी जागा बघायची, आणि मीही त्या तारांबरोबर. मला इथं राहायचं होतं. इतकं साधं होतं ते, पण आप्पांशी मी कधी बोलले नाही आणि तेही नाही.

आता खरखरीचं. पहिल्याच संध्याकाळी कानाला हेडफोन लावले आणि लंडनच्या निरोपाच्या मधोमध ऐकू आलं, टक्. थोडं थांबून पुन्हा, टक्. घड्याळ लावल्यासारखं. दर टक्‌ला एक निरोप फुटायचा. मुंबईचे साहेब व्हिडिओवर उंटावरून शेळ्या हाकायचे: सोर्स शोधा मॅडम, सोर्स. माझा राग मुळात नाकावर. हातातला छोटा रेडिओ घेऊन मी भर उन्हात गावभर फिरले. पिठाच्या गिरणीवर गेले, मोटरींचे स्टार्टर तपासले, लोकांच्या घरात शिरून मोबाईलचे चार्जर उपटले. कुणी चहा दिला, कुणी हसलं. पारावरच्या मंडळींनी माझं नाव अँटिनाबाई ठेवलं, आणि एकानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "ताई, आमच्या चार्जरनं लंडनचा भाव पडतो व्हय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. टकटक निघाली शेजारच्या गोठ्यातून.

शेजारी म्हणजे माझा चुलतभाऊ आणि वहिनी. मधे फक्त आमचा टोमॅटोचा प्लॉट. भाऊ टेंपोवर असतो, दुपारी लोकांचा माल घेऊन नारायणगावला जातो तो अंधार पडल्यावर येतो. घर, चार शेळ्या आणि एक कालवड वहिनीच्या जिवावर. ही कालवड तिनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली, कारण कालवडीची आई वितानाच गेली. गोठ्यामागं डोक्याच्या वर गेलेला ऊस, आणि उसात बिबट्या. आमच्याकडं बिबट्या ही बातमी राहिलेली नाही. आज कुठल्या बांधाला दिसला, एवढंच लोक विचारतात. त्यासाठी गोठ्याभोवती झटका मशीनची तार असते. भिंतीवर एक डबा, वर सोलरची पाटी, डब्यावर लुकलुकणारा दिवा. ठराविक वेळानं तारेत झटका सोडतो. जनावर मरत नाही, पण पुन्हा तिकडं तोंड करत नाही. तोच झटका माझ्या कानात टक् म्हणून वाजत होता.

ते बंद करा असं मी म्हणणं शक्य नव्हतं, आणि म्हटलंही नाही. पण गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. वहिनीकडं चहा पिताना कुरकुरले, की तुमचं मशीन माझ्या कानात घर करून बसलंय, आणि पुढचा आठवडा निकालाचा आहे. साहेब रोज संध्याकाळचं मोजणार आणि त्यावर ठरवणार. आप्पा शेजारीच बशीत चहा ओतत बसले होते.

निकालाच्या आठवड्यातली पहिली संध्याकाळ. मी हेडफोन लावले आणि टक् नाही. हलवून पाहिले, वायर तपासली. सगळं ठीक, आणि लंडन इतकं स्वच्छ की जणू कुणी शेजारी बसून सांगतंय. एकही निरोप फुटला नाही. दुसऱ्या संध्याकाळी तेच. मी मनाशी कारणंही शोधली: थंडी पडायला लागलीय, वरचा थर बदलला असेल, हवा कोरडी झाली. मनासारखं घडत असलं की माणूस कारणं फार तपासत नाही. साहेबांचा मेसेज आला, अंगठे आणि फुलं. मी आप्पांना सांगितलं तर ते फक्त "बरं झालं" म्हणाले आणि लगेच लाईट आली का बघायला उठले. मला वाटलं, यांना माझ्या असण्यानसण्याचं काहीच नाही.

तिसऱ्या दिवशी मी शिरा केला आणि दिवेलागणीच्या आधी एक वाटी झाकून वहिनीकडं निघाले. अंगणात पाय ठेवला तर कालवड ओसरीवर बांधलेली. स्वयंपाकघरातून शेळ्यांचा आवाज येत होता. वहिनी पायरीवर बसली होती, एका बाजूला काठी, दुसऱ्या बाजूला तेलाचा रिकामा डबा, मांडीवर बॅटरी. गोठ्याच्या भिंतीवरचा दिवा विझलेला होता.

मशीन बिघडलं का म्हणून मी विचारलं.

"बिघडलं न्हाई, बंद केलंय," वहिनी म्हणाली. "तुमचं मोजणं हुईस्तवर."

कुणी सांगितलं, असं मी तिला दोनदा विचारलं. ती उत्तर द्यायला तयार नव्हती. काठीनं जमिनीवर रेघा काढत राहिली. मग म्हणाली, "आप्पा आलं व्हतं. बसा म्हनलं तर बसलं न्हाईत. म्हनलं, आठवडाभर सांजंची कळ काढ, पोर ऱ्हाती का जाती ते याच्यावर हाय. तुमाला सांगू नको म्हनलं व्हतं. वन्सं, त्यांनी आजवर आमच्याकडं काय मागितलं न्हाई. त्यांना न्हाई कसं म्हनू?"

तेवढ्यात अंगणातलं कुत्रं उसाकडं तोंड करून गुरगुरायला लागलं. भुंकत नव्हतं, नुसतं गुरगुरत होतं आणि मागं मागं सरत होतं. वहिनीनं डबा उचलला आणि जोरजोरानं बडवला. मी गोठ्याकडं धावले आणि मशीनचं बटण दाबलं. दिवा लुकलुकायला लागला. मग आम्ही दोघी ओसरीवर कालवडीला चिकटून बसलो, डबा बडवत, भावाच्या टेंपोचा उजेड दिसेपर्यंत. शिरा तसाच गार झाला. त्या संध्याकाळी लंडनमध्ये तांब्याचं काय झालं ते मला माहीत नाही.

घरी आले ती ओरडतच. आप्पा कॉटवर शेंगा फोडत बसले होते. मी विचारलं, कालवड ओढून नेली असती तर? भरून दिली असती, म्हणाले. वहिनीला काही झालं असतं तर? हातातली शेंग त्यांनी न फोडताच परत पाटीत टाकली. आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावरचं गवतसुद्धा न कापणारा हा माणूस, यानं असं कसं केलं, ते मला कळेना. मी तेच बडबडत राहिले. ते ऐकून घेत राहिले. माझा दम संपल्यावर खाली बघत म्हणाले,

"तू ऱ्हावी असं वाटलं. तुला म्हनता येत न्हाई. म्हनलं की तू मनाविरुद्ध ऱ्हाशील."

मला रडू आलं. राग गेला नव्हता, तो तिथंच होता, पण त्याच्या खालून इतकं बरं वाटत होतं की ते लपवायला मी भांडी घासायला घेतली. मोरीतून मी पाठमोरीच म्हणाले, मलाही राहायचंय, मनानं राहायचंय. आप्पांना ऐकू गेलं की नाही कळलं नाही. थोड्या वेळानं शेंगा फोडल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला.

सकाळी वहिनीनं हाक मारली. गोठ्यामागच्या ओल्या वाफ्यात पावलं उमटली होती, तळहाताएवढी, उसातून गोठ्याच्या भिंतीपर्यंत आणि परत. आप्पा वाकून बघत राहिले. मग कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि वहिनीला म्हणाले, "माझं चुकलं गं." ती म्हणाली, "असू द्या आता, च्या घ्या." आमच्याकडं माफी एवढ्यातच उरकते.

मी साहेबांना फोन केला आणि झालेल्या दोन्ही संध्याकाळी मोजू नका म्हणून सांगितलं. कारणही सांगितलं. साहेब वाईट नाहीत, फक्त लांब आहेत. आधी म्हणाले, मॅडम, रेकॉर्डिंग तर स्वच्छ आहे, कुणाला कळतंय. मी म्हटलं, साहेब, इथं मशीन बंद राहणार नाही, ना या आठवड्यात ना पुढं. मग कुंपण चालू ठेवून स्वच्छ ऐकवा, म्हणाले, आठवडा संपायचाय अजून. फोन ठेवला आणि मला वाटलं, कोकण पक्कं झालं.

पण वाफ्यातली ती पावलं डोक्यातून जाईनात. मशीन तर दोन-अडीच सांजाच बंद होतं. वहिनी म्हणत होती, मागच्या अंगाला तो बऱ्याच दिवसांपासून घुटमळतोय, ऊस मोडलेला दिसतो. चालू तारेजवळ तो घुटमळेलच कसा? तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. तार नीट असेल तर ती फारशी बोलत नाही. झटका गुपचूप तारेतून जातो. आवाज येतो तो ठिणगी उडते तिथून, आणि ठिणगी उडते म्हणजे झटका तिथं गळतोय. मी इतके दिवस मशीनच्या नावानं खडे फोडत होते, आणि बोंब होती तारेची.

मी आप्पांचा ट्रान्झिस्टर घेतला. त्यावर स्टेशन नसलेली जागा लावली आणि मशीन चालू ठेवून आम्ही तिघं तारेच्या कडेनं, हातभर अंतर ठेवून, निघालो. दाराशी टक् बारीक होती. कोपऱ्यावर मोठी झाली. तिथं उसाचं पान तारेला टेकलं होतं. मशीन बंद करून वहिनीनं विळ्यानं पान उडवलं, पुन्हा चालू केलं, आवाज उतरला. पुढं एका खांबावर तार अडकवायचं प्लॅस्टिकचं बोंडूक, म्हणजे इन्सुलेटर, तडकलेलं निघालं. असं करत गोठ्याच्या मागं आलो तर ट्रान्झिस्टर इतक्या जोरात टकटकायला लागला की कालवड बिचकली. तिथं तार कधीतरी तुटली होती आणि कुणीतरी हातानंच पिळून जोडली होती. जोड गंजला होता. त्याच्या पुढच्या तारेला मी टेस्टर लावला तर काटा जेमतेम हलला. पुढची सगळी तार, उसाच्या बाजूची, नावालाच होती.

वहिनीनं तोंडावर पदर घेतला. "म्हंजी मागली बाजू उघडीच व्हती," ती म्हणाली. "आन मी दिवा बघून निवांत झोपत व्हते."

भावानं येताना नारायणगावच्या दुकानातून नवी बोंडकं आणि क्लॅम्प आणले. जोड आप्पांनीच आवळला. स्वतःच्या हातानं, दुसऱ्या कुणाला पाना धरू दिला नाही. मग मी टेस्टर लावला तर काटा टोकाला गेला. आणि ट्रान्झिस्टरवर टक् ऐकायला कान लावावा लागत होता.

आठवड्याच्या शेवटच्या संध्याकाळी गोठ्यावर दिवा लुकलुकत होता, शेळ्या गोठ्यात होत्या आणि माझ्या कानात लंडन होतं. अगदीच स्वच्छ होतं असं म्हणणार नाही. मधूनच कुठल्यातरी मोटरीची घरघर यायची, काही निरोप फुटले. पण टक् नव्हती. साहेबांनी मोजलं, वरच्यांना विचारलं, आणि कळवलं की कायमचं केंद्र एवढ्यात नाही, पण वर्षभर इथंच ऐकत राहा. लंगडी परवानगी म्हणायची. मी आप्पांना सांगितलं, वर्षभर तरी हलत नाही. ते म्हणाले, मग त्या कोपऱ्यात मेथी टाकू, तुला आवडती. आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी वाफे पाडायला लागले.

आता पारावर अँटिनाबाई म्हणतात ते कामासाठी. आमच्या तारेला जरा कान लावा की, म्हणून लोक बोलावतात. परवा निरगुडसरहून मावशीच्या शेजाऱ्यांचा फोन आला. मी ट्रान्झिस्टर पिशवीत घालून जाते, तारेभोवती फिरते, गळती दाखवते. त्यांचं जनावर सुरक्षित राहतं आणि माझ्या आभाळातली खरखर तेवढी कमी होते. लंडनवाल्यांना याचा पत्ता नाही.

एक अडचण मात्र उरली, आणि ती माझ्या यंत्रांना सुटणारी नाही. चांगली तार आणि बंद तार, हेडफोनमध्ये दोन्ही सारख्याच गप्प असतात. पहिले काही दिवस मी शांतता ऐकली की घाबरून उठायचे आणि वहिनीच्या अंगणात धावत जायचे. शेवटी आप्पांनीच ते काम स्वतःकडं घेतलं. दिवेलागणीला ते टोमॅटोच्या सरीतून पलीकडं जातात, गोठ्याच्या भिंतीवरचा दिवा डोळ्यांनी बघतात, वहिनीशी दोन शब्द बोलतात आणि परत येतात. म्हातारा माणूस, सावकाश चालतो. तोवर लंडनचे किती निरोप आभाळाला आपटून खाली उतरलेले असतात आणि यंत्रं ते टिपून मुंबईला धाडून मोकळीसुद्धा झालेली असतात. मी हेडफोन गळ्यात ठेवून दाराकडं बघत बसते. आप्पा उंबऱ्याशी चपला काढतात, म्हणतात, "चालू हाय," आणि मग मी हेडफोन कानाला लावते.